भोंगा दोनदा वाजला

भांडुप,
१७ नोव्हेंबर १९८६

ती. सहदेवदादास,
नंदाचा नमस्कार.

इकडे आम्ही मजेत आहोत, तूही मजेत असशील, तिकडचं ऊन सोसत असशील. दोन वर्षं प्रत्येक पत्राची सुरुवात मी अशीच केली, म्हणून हात आपोआप तेच लिहून गेला. खोडत नाही, राहू दे. पण पाकिटावर आज मस्कतचा पत्ता नाही, हे तुला दिसलंच असेल. पत्र तुला धोंडिराम देईल. त्याच्यावर रागावू नकोस आणि अर्धं वाचून उठून जाऊ नकोस. पूर्ण वाच, मग हवं तर भांड.

आईचे गुडघे दुखतात, बाकी ती बरी आहे. चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला, त्यामुळे संध्याकाळी बायका आमच्याकडे फिरकत नाहीत. आईला त्याचं काही नाही. तिचा कार्यक्रम सकाळचा. मी वायरलेस सेट लावला की ती चहाचा कप घेऊन खाटेवर बसते आणि तुझं नाव येईपर्यंत हलत नाही.

मी आज शाळेत गेले नाही. दुपारपासून लिहितेय आणि तीन कागद फाडून झालेत. मला जे सांगायचं आहे ते एकदम लिहवत नाही, म्हणून जसं घडलं तसं क्रमाने सांगते. तुला यातलं निम्मं माहीत आहे. उरलेलं निम्मं तुला माहीत नाही, कारण ते तुझ्यापर्यंत पोचलंच नाही.

तू गेल्यावर आपल्या हॅम मंडळींचा, हौशी वायरलेसवाल्यांचा, सकाळचा नेट माझ्या गळ्यात पडला. बोरिवलीच्या विद्याधरला वाटायचं की तो त्याला मिळेल. नेट कंट्रोलचं काम काय, तर हजेरी घेणं. एकेकाचं कॉलसाइन पुकारायचं, थोडं थांबायचं, तो बोलला की पुढचा. तुझा नंबर जुनाच, सातवा. विद्याधर म्हणायचा की परदेशी गेलेल्या माणसाची हजेरी कशाला घेता. मी म्हटलं, माझा भाऊ आहे, मी घेणार. जूनमध्ये तुझं शेवटचं पत्र आलं, नव्या साइटवर जातोय, तिथे पोस्ट नाही, काळजी नको. तेव्हापासून तर मी तुझ्या नावानंतर जरा जास्तच थांबायला लागले. सगळ्यांना ते कळत होतं.

दसऱ्यानंतर एक दिवस तुझं नाव घेतलं, थांबले, आणि सेटवरची सिग्नल दाखवणारी सुई चढली. आवाज काही नाही. नुसती घरघर, कुणीतरी माइकचं बटण दाबून तोंड मिटून बसल्यासारखी. मग सुई खाली आली. दुसऱ्या दिवशी तुझ्याच नावाला पुन्हा तेच. मग रोज. विद्याधर खवळला. हा कुणीतरी टवाळ आहे, आपण सरकारी मॉनिटरिंगवाल्यांना लिहू, म्हणाला. मीही कमी नव्हते. नेटवर सगळ्यांसमोर तोंड सोडलं. कोण आहेस, लायसन्स आहे का तुझ्याकडे, नाव सांगायची हिंमत नसेल तर बटणावरचं बोट काढ, असं बरंच काही. ते तू ऐकलं नाहीस हे एक बरं झालं.

आई मागून म्हणाली, "तेका आरडा नको. तो आपलो सहदेव आसतलो."

मी हसले. तिला समजावलं की मस्कत समुद्रापलीकडे आहे, तिथे आपलं लायसन्स चालत नाही, दादा असा चोरून सेट लावणारा नाही. तिने ते ऐकून घेतलं. पण त्या घरघरीकडे ती कान देऊन बसायची, जशी पूर्वी तुझ्या तापात उशाशी बसायची.

मग दिंडोशीच्या काशीरामला लायसन्स मिळालं. मी त्याला चौथा घातला. त्या दिवशी आपल्या नेटवरच्या नंदकुमारचं नाव घेतलं आणि सुई चढली, त्याची हजेरी बुडाली, तो चिडला. तुझं नाव आलं तेव्हा मात्र काहीच नाही. मी आईला विजयाने सांगितलं, बघ, हा सहदेव असता तर दुसऱ्याच्या नावाला ओ दिली असती का? आई कप विसळायला निघून गेली. काशीरामला चौथ्या नंबरवर घेतल्यामुळे नंदकुमार सातवा झाला होता आणि तू आठवा. एवढं साधं गणित मला, चौथीच्या मुलांना गणित शिकवणाऱ्या बाईला, सुचलं नाही. पुढे नंदकुमारच्या आग्रहाखातर काशीरामला शेवटी टाकलं, आणि पहिल्यासारखं तुझ्या नावाला पुन्हा सुरू झालं.

आता शनिवारचं.

शनिवारी वीज गेली होती म्हणून नेट उशिरा लागला. तुझं नाव घेतलं तेव्हा सात वाजत आले होते. सुई चढली, घरघर आली, आणि एकदम सेटमधून भोंगा वाजायला लागला. एवढा मोठा की स्पीकरची जाळी थरथरली. मी आवाज कमी केला. चहाचा एक घोट घेऊन कप खाली ठेवावा एवढा वेळ गेला असेल, आणि तोच भोंगा खिडकीतून आला. रोजचा, कांजूरच्या कारखान्याचा.

आई म्हणाली, "आज भोंगो दोनदा कसो वाजलो गो?"

दादा, मी आधी सेटकडे आणि मग खिडकीकडे बघितलं. लहानपणी तूच शिकवलं होतंस की वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो. रेडिओची लाट क्षणात येते, हवेतला आवाज आपला चालत चालत येतो. तो भोंगा आधी सेटमधून आणि मग खिडकीतून आला, म्हणजे ज्याने बटण दाबलं होतं तो कारखान्याच्या दारातच उभा होता. मस्कत नाही, पुणे नाही. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि रोज न चुकता तुझ्याच जागेवर बटण दाबणारा या मुंबईत दुसरा कोण असणार?

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला नाही. आधी डोकंच चालेना. नेट कसा संपवला, कुणाची हजेरी घेतली, काही आठवत नाही. मग संताप आला. हा इथे आहे. आई रोज सकाळी त्याच्या नावासाठी गुडघे धरून बसते आणि हा पलीकडच्या गल्लीत बसून मजा बघतो. आणखी एका गोष्टीने तर डोक्यात तिडीकच गेली. आजूबाजूला मोठा आवाज झाला की कुठलाही ऑपरेटर आधी बटण सोडतो. तूच मला त्यावरून किती बोलला आहेस. कुकरची शिट्टी झाली तरी माइक बंद कर, जगाला आपली डाळ ऐकवायची नाही, असं म्हणायचास. आणि आता भोंगा संपेपर्यंत तू बटण दाबून धरलंस. मला वाटलं, मुद्दाम करतोय. मी इथे आहे, करा काय करायचं ते, असं ऐकवतोय.

आईला काही सांगितलं नाही. रविवारी कारखाना बंद, तिथे कुणाला विचारणार? आज सकाळी नेट विद्याधरकडे दिला आणि आग्रा रोडने चालत निघाले. काय काय बोलायचं ते वाटेत जमवत होते. तुला रडवल्याशिवाय परत यायचं नाही असं ठरवलं होतं.

कारखान्याच्या गेटसमोर बॅटऱ्या चार्ज करायचं गॅरेज आहे हे मला माहीत नव्हतं. पण पत्र्यावरून वर आलेला एरिअल लांबूनच दिसला. पितळेच्या नळ्या एकात एक घातलेल्या, आणि मध्यावर ती कांडी. आपल्या बाबांची मिलमधली सूत गुंडाळायची लाकडी कांडी, संपात मिल बंद पडली तेव्हा आठवण म्हणून खिशातून आणलेली. गाडीत लावायच्या मोबाईल सेटच्या एरिअलला कॉइल हवी आणि कॉइलला लाकूड हवं, तर बाबांनी स्वतः ती काढून दिली. तू तार गुंडाळत होतास, मी धरत होते. वेढे सुटायला लागले तेव्हा माझ्या नेलपॉलिशची नवी बाटली तू त्यावर ओतलीस. तो लाल रंग अजून तसाच आहे. खाली उभ्या मॅटॅडोर गाडीच्या बंपरला शिकंजा आणि तिथून चासीला जाणारी तांब्याच्या तारांची वेणी. वेणी तुला येते म्हणून तू घाल, असं म्हणाला होतास. मी घातलेली वेणी मी ओळखणार नाही का? शेवटाला मी रिबिनीसारखी गाठ मारली होती, तीही आहे. मस्कतला जाताना हा सेट तू पेटीत घालून कुणाला दिलास ते मी तेव्हा विचारलं नव्हतं.

मॅटॅडोरचं दार उघडं होतं. तू पाठमोरा बसला होतास. केस केवढे पिकलेत रे. डाव्या हाताचा तळवा स्पीकरवर ठेवलेला, उजव्या हातात माइक, नजर सुईवर. विद्याधरचा नेट चालू होता. सुई चढत होती, उतरत होती. तुझा नंबर आला आणि गेला, तू बटण दाबलं नाहीस. बोरिवलीहून येणारी सुई बुटकी असते, घरून येणारी चांगली टोकापर्यंत जाते. समोर मी नाही, हे तुला नुसतं बघून कळलं होतं.

मी हाक मारली, दादा. तू वळला नाहीस. मी आणखी जवळ आले, हात लांब केला असता तर तुझ्या खांद्याला लागला असता. पुन्हा हाक मारली. तू तसाच. मला एवढा अपमान वाटला की रस्त्यावरची माणसं बघताहेत याचंही भान राहिलं नाही. तिसऱ्यांदा मी ओरडलेच.

आणि तेव्हाच डोक्यावर भोंगा वाजला. गेट समोरच, भोंगा वर पत्र्याच्या टोकाला. मी दोन्ही कान दाबून खाली बसले. पानवाल्याने कान दाबले. बॅटरी उचलणाऱ्या माणसाने ती खाली ठेवून कान दाबले. तू दचकलाही नाहीस. तुझा तळवा स्पीकरवर होता तसाच, आणि तू शांतपणे सुईकडे बघत होतास.

लिहिते एकदाचं. तुला ऐकू येत नाही.

मी तशीच बसून राहिले. गॅरेजवाल्या धोंडिरामने मला हाताला धरून मागच्या बाजूला नेलं, पाणी दिलं. मी कोण ते त्याला विचारावं लागलं नाही, माझा चेहरा तुझ्यासारखा आहे म्हणे. त्याच्याकडून सगळं कळलं. साइटवर जनरेटरच्या खोलीत झालेला स्फोट, दोन्ही कान गेले ते, कंपनीने हातात तिकीट ठेवून परत पाठवलं ते. गणपतीच्या आधीपासून तू इथे आहेस आणि याच मॅटॅडोरमध्ये झोपतोस. घरच्यांना कळवू दे म्हणून त्याने कितीदा तरी तुझ्या तळहातावर बोटाने लिहून विचारलं. प्रत्येक वेळी तू तेच सांगितलंस, की घरून कुणी आलं तर मी इथूनही जाईन. मी वायरलेसवाला, कानाशिवाय माझं घरात काय काम, असं म्हणालास.

म्हणून मी पुढे आले नाही. दादा, मी भ्याले ते तू निघून जाशील म्हणून. घरी आले तेव्हा आईने विचारलं, कुठे गेली होतीस सकाळी सकाळी? मी म्हटलं, शाळेचं काम. आता ती आत झोपली आहे आणि मला हे पत्र कसं संपवायचं ते कळत नाहीये. तू रोज माझी सुई मोजून सातव्याला बटण दाबत होतास, एवढंच डोक्यात फिरतंय. बोलला असतास तर मी उत्तर दिलं असतं आणि ते तुला ऐकू आलं नसतं. म्हणून नुसतं दाबायचास. आणि मी त्यावर खेकसत होते.

१८ नोव्हेंबर

काल इथेच थांबले होते. पत्र धोंडिरामकडे पाठवण्याआधी आज सकाळचं लिहिते, कारण आज तू होतास.

पहिल्या सहांची हजेरी रोजच्यासारखी घेतली. सातव्या नंबराला मी तोंडाने तुझं नाव घेतलंच नाही. मोर्सची किल्ली पुढे ओढली. तुझा तळवा स्पीकरवर आणि डोळे सुईवर असतात, हे मी पाहिलं होतं. मी किल्ली दाबली की तुझ्याकडे सुई नाचणार, थोडी नाचली तर टिंब, जास्त वेळ थांबली तर रेघ. इंग्रजी अक्षरांत, अगदी हळू, पहिलीच्या पोराला शिकवावं तसं पाठवलं, "दादा".

काही नाही. सुई पडून राहिली.

विद्याधर मध्ये आला, नेट कंट्रोल, काही अडचण आहे का? तेव्हा मला बोलावंच लागलं. आई मागे खाटेवर बसली आहे हे मला माहीत होतं, पण दुसरा मार्ग नव्हता. मी माइक घेतला आणि म्हटलं, "सातव्या नंबरला मोबाईल स्टेशन आहे. ऑपरेटरला ऐकू येत नाही. मी त्यांना किल्लीवर घेते."

मागे कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग विद्याधर बोलला, हाच विद्याधर, ज्याने तुझ्याविरुद्ध तक्रार लिहून ठेवली होती. म्हणाला, "मोबाईल स्टेशनला आधी. आम्ही सगळे थांबतो."

ही आपली जुनी रीत. गाडीतला माणूस कधी वळणाआड जाईल आणि ऐकू येईनासा होईल याचा नेम नाही, म्हणून घरात बसलेल्यांनी थांबायचं आणि त्याला आधी बोलू द्यायचं. मी पुन्हा पाठवलं, "दादा". थांबले. सगळे थांबले.

आणि सुई चढली. लगेच उतरली. पुन्हा चढली, जरा थांबली. तू माइकच्या बटणाचीच किल्ली केली होतीस. डि-डा. डि-डा. मग डि-डि. अक्षरं उतरवायला मला पेन्सिल लागली नाही. तू दोन महिने गप्प बसून शेवटी एकच शब्द विचारलास, आई.

आई म्हणाली, "काय म्हणता तो?"

मी सांगितलं, तुला विचारतोय. आणि मग उरलेलं सगळं तिला सांगून टाकलं, तिथेच, सेट चालू ठेवून. मला वाटलं होतं ती आरडाओरडा करेल, छाती पिटेल. तिने पुढे वाकून सुईकडे बघितलं. मग म्हणाली, "ऐकाक येणा नाय म्हणून घराक येणा नाय? तेणी माझा आदी तरी कदी ऐकल्यान?"

एवढं बोलली आणि पदर तोंडाला लावून बसली. मी किल्लीवर पाठवलं, आई इथेच आहे. पण तोवर भोंगा झाला. या वेळी फक्त खिडकीतून आला. भोंगा झाला की गाडी बॅटऱ्या पोचवायला निघते असं धोंडिराम म्हणाला होता, तेव्हा तू निघाला असणार, आणि माझं शेवटचं तुला मिळालं की नाही ते मला माहीत नाही. म्हणून ते इथे लिहिते. आई इथेच आहे, दादा. तिला सगळं कळलं आहे आणि ती इथेच आहे.

आम्ही तिकडे येणार नाही. तुला धरायला, ओढायला कुणी येणार नाही, आईनेच बजावलंय मला. तिने आज बांगडे आणलेत, तिखलं करणार आहे. जेवायला कान लागत नाहीत असं तिचं म्हणणं आहे. घरात तुला काय काम, हे तू धोंडिरामला विचारलंस म्हणे. नेटवरच्या सगळ्यांनी मला आज विचारलंय की आमचा मोर्स गंजलाय, तुझा भाऊ शिकवेल का? विद्याधरने सगळ्यात आधी विचारलं. मी तुला न विचारता हो म्हटलं, आता तू नाही म्हणालास तर माझी वाट लागेल.

उद्यापासून तुझा नंबर सातवा नाही, पहिला. तुला आता मोजायचं काम नाही. नेट लागला की मी किल्लीवर तुझं नाव घेईन आणि थांबेन. गाडी चालू असो की उभी, तू कारखान्याच्या दारात अस की आपल्या दारात, सगळे थांबतील. सावकाश दाब, मला घाई नाही. "येतो" एवढंच दाबलंस तरी आईला वाचून दाखवायला मला पुरेल.

इतके दिवस सुईकडे तू बघत बसलास. उद्या सकाळी आम्ही दोघी बघत बसू.

तुझीच,
नंदा